वॅक्सने टक्कल पडत नाही; कपाळाकडे बघा

पोरगा पंधरा मिनिटं आरशासमोर उभा राहतो आणि नीट बसलेले केस मुद्दाम विस्कटतो. घरचे म्हणतात, "ते वॅक्स लावू नकोस, टक्कल पडेल." आजी म्हणते, "त्यापेक्षा चांगलं खोबरेल लाव." मुलगा दोघांचंही ऐकत नाही. हा वाद बहुतेक घरांत चालतो, आणि तो चुकीच्या मुद्द्यावर चालतो असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी टकलाचं बघू. आपल्याला दिसतो तो केस म्हणजे मृत पेशींचा धागा. जिवंत भाग त्वचेच्या आत, केसाच्या मुळाशी असतो. वॅक्स किंवा पोमेड म्हणजे मेण, तेलं, लॅनोलिन, सुगंध, आणि पाण्यात विरघळणाऱ्या प्रकारात केसांना ताठ धरणारे पॉलिमर. हे सगळं त्या धाग्यावर बसतं. मुळापर्यंत जाऊन ते मूळ मारण्याची ताकद त्यात नाही. पुरुषांना पडणारं नेहमीचं टक्कल आनुवंशिक असतं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होतं आणि ज्यांची मुळं त्याला संवेदनशील असतात, त्यांचे केस हळूहळू बारीक होत जातात. हा वारसा आई आणि वडील दोघांकडून येतो, एकट्या मामाला दोष देऊ नका!

मग लोकांना वॅक्सचा संशय का येतो? दोन कारणं. पहिलं, वयाचा योगायोग. मुलं वॅक्स लावायला लागतात विशीच्या आसपास, आणि कपाळाचे कोपरे मागे सरकायला लागतात तेही त्याच सुमारास. दुसरं कारण जास्त गंमतीचं आहे. रोज ५० ते १०० केस गळणं हे सामान्य आहे. एरवी ते दिवसभरात कुठेतरी पडतात, कळतही नाही. वॅक्स लावलं की हे सुटलेले केस बाकीच्या केसांना चिकटून राहतात आणि डोकं धुताना सगळे एकदम बाथरूमच्या जाळीवर जमा होतात. तो पुंजका बघून मुलगा घाबरतो, आई त्याहून जास्त घाबरते.

डेंगी, टायफॉइड किंवा कुठल्याही मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी भराभर केस गळतात. तोपर्यंत ताप विसरलेला असतो आणि वॅक्सचा डबा समोर असतो.

या गैरसमजाची किंमत मोजावी लागते, म्हणून मी चिडतो. वॅक्स बंद केलं की केस थांबतील या आशेवर मुलं वर्ष-दोन वर्षं काढतात. आनुवंशिक टकलावर मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड ही औषधं आहेत. त्यांना मर्यादा आहेत, दुष्परिणामही आहेत, त्यामुळे ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. पण त्यांचा उपयोग केस आहेत तोवर जास्त होतो. दरम्यान सलूनमधला माणूस 'हेअर फॉल स्पा'चं पॅकेज विकतो आणि मित्र बायोटिनच्या गोळ्या सुचवतो. बायोटिनची कमतरता नसेल तर या गोळ्यांचा केसांना उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही. शिवाय जास्त डोसमुळे थायरॉइडच्या आणि हार्ट अटॅकच्या निदानासाठी केल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनच्या काही तपासण्यांचे रिपोर्ट चुकू शकतात. रक्त द्यायला जाल तेव्हा लॅबमध्ये हे सांगा.

आता कपाळ. वॅक्स खरोखर जे करतं, त्याबद्दल घरात कोणी अवाक्षर काढत नाही.

केसांच्या रेषेला लागून, कपाळावर आणि कानशिलांवर बारीक बारीक पुटकुळ्या, हात फिरवला तर खरखरीत लागणाऱ्या. १९७० साली प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या पोमेड लावणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये हा प्रकार नोंदवला आणि त्याला 'पोमेड ॲक्ने' म्हटलं. तेलकट थराने त्वचेची छिद्रं बुजतात, एवढीच गोष्ट. विस्कटलेल्या स्टाइलमध्ये हे आणखी सोपं होतं, कारण पुढच्या बटा कपाळावरच पडलेल्या असतात आणि त्या 'सेट' करायला बोटं दिवसभर केसांतून कपाळावर फिरत असतात. त्यावर हेल्मेट घाला. घाम, वॅक्स आणि आतला स्पंज, तिन्ही कपाळावर दाबून बसतात. (हेल्मेट काढू नका. वॅक्स कमी करा.)

आणि आजी, माफ करा, पण तुमचं खोबरेलसुद्धा हेच करतं. चपचपीत तेल लावून झोपणाऱ्या मुलांच्या कपाळावर अगदी अशाच पुटकुळ्या येतात. तेल घरचं, म्हणून त्वचा सवलत देत नाही.

या पुटकुळ्या एका दिवसात येत नाहीत, काही आठवडे लागतात. त्यामुळे संबंध लक्षात येत नाही. "उष्णता झाली", "पोट साफ नाही" असं म्हणत मुलगा मेडिकलमध्ये जातो आणि चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणतो. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी खिचडी असते. चार दिवस कपाळ छान दिसतं. मग फोड दुप्पट येतात, त्वचा पातळ आणि लाल होते, उन्हात आग होते, ट्यूब बंद केली की आणखी भडकतं. आपल्या देशात ही क्रीम्स सर्रास मिळत होती म्हणून २०१८ साली अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर काय चालतं ते तुम्हीच बघता. दोनशे रुपयांच्या वॅक्सने सुरू झालेला किरकोळ त्रास या ट्यूबमुळे वर्षभराचं दुखणं होतो. माझा खरा राग या ट्यूबवर आहे.

फोड सगळे एकसारखे आणि खाजरे असतील तर ते यीस्टचंही असू शकतं. त्यावर मुरमांची अँटिबायोटिक्स चालत नाहीत. तेव्हा दाखवून घ्या.

स्टाइल बंद करा असं मी सांगणार नाही; सांगून कोणी ऐकतही नाही. वॅक्स घेताना डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, लायसन्स नंबर, मुदत आणि घटकांची यादी आहे का बघा. कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार ती माहिती लागते. सलूनमध्ये लेबल नसलेल्या डब्यातून, दहा जणांच्या डोक्यावरून फिरलेल्या बोटांनी काढलेलं वॅक्स नको म्हणा. पाण्यात धुऊन जाणारा प्रकार घ्या. वाटाण्याएवढं पुरतं. तळव्यावर नीट पसरवा, मागच्या बाजूने सुरू करा, फक्त मधल्या भागाला आणि टोकांना लावा, मुळांना नाही. कपाळाची रेषा दोन बोटं सोडा, आणि हात लगेच धुवा. कोंडा असेल तर आधी कोंड्याचा इलाज.

रात्री धुतल्याशिवाय झोपू नका, नाहीतर तेच वॅक्स उशीच्या अभ्र्यावरून गालावर येतं. तेलकट वॅक्स एका शाम्पूत निघत नाही, दुसऱ्यांदा लावावा लागतो. पुटकुळ्या आलेल्याच असतील तर वॅक्स आणि तेल दोन्ही दीड-दोन महिने बंद ठेवा. पहिल्या आठवड्यात फरक दिसणार नाही. त्या आठवड्यात मेडिकलमध्ये जाऊ नका.