खात्यात दमडी नाही, म्हणून निर्धास्त?

‘माझ्या खात्यात आहेच काय? माझी ओळख चोरून कोणाला काय मिळणार?’ हे चांगली शिकलेली माणसंही ऐटीत म्हणतात. पण चोराला तुमची शिल्लक नकोच असते, तुमचं स्वच्छ नाव हवं असतं. ज्याने आयुष्यात हप्ता चुकवला नाही, त्याच्या पॅनवर कर्ज उचलायचं आणि पसार व्हायचं. वसुलीवाल्यांच्या शिव्या खऱ्या मालकाला.

दुसरा पक्ष म्हणतो, फसतात ते बेसावध. मग तेलंगणाचं काय? 2018 साली तिथे एका सिमकार्ड विक्रेत्याला पोलिसांनी पकडलं. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरचे खरेदीखतांचे दस्त उतरवून, त्यांवरच्या अंगठ्यांचे नकली ठसे बनवून त्याने हजारो सिमकार्डं सुरू केली होती. त्या लोकांनी कोणाला ओटीपी सांगितला नव्हता. त्यांनी जमीनजुमल्याचा व्यवहार केला आणि कायद्याने सांगितलं तिथे अंगठा उठवला, एवढंच. पासवर्ड बदलता येतो. अंगठा कुठून बदलणार?

मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कुठेही देऊ नका, असं बजावलं. दोनच दिवसांत केंद्राने ते पत्रक मागे घेतलं आणि ‘नेहमीची’ दक्षता पुरे म्हटलं. आपलं नेहमीचं म्हणजे लॉजच्या काउंटरवर कोणी मागायच्या आत झेरॉक्स पुढे करणं!

सावधगिरी वाया जाते, असं मात्र नाही. शेवटचे चारच अंक दाखवणारं मास्क्ड आधार द्यावं. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कारण आणि तारीख आडवी लिहावी. बायोमेट्रिक लॉक लावावं, म्हणजे नकली अंगठ्याने आधारवरून पैसे निघत नाहीत. आपल्या नावावर किती सिम आहेत ते ‘संचार साथी’वर दिसतं. पतअहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. न घेतलेलं कर्ज पहिल्यांदा तिथेच सापडतं.

आता कायदा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे. पण तो चोरासाठी. चेहरा न पाहता कर्ज वाटणाऱ्याचं काय? खातेदाराची चूक नसताना परस्पर पैसे गेले आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भार नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच ठरवलं. तोच न्याय खोट्या कर्जाला लावा. कर्ज मीच घेतलं हे सावकाराने सिद्ध करावं, आणि तोवर ती नोंद माझ्या पतअहवालात येऊ नये.