गप्प राहिलो म्हणजे कबूल झालो असं नाही



पाड्यापाड्यावर वनहक्काच्या दाव्यांची पडताळणी चालू आहे. जे दावे नामंजूर होऊन आले त्यांचे कागद आपण बघतो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जमीन खरी, बांध खरा, कसणाराही खरा. पण साहेबांनी विचारलं एक, आपल्या माणसाला कळलं दुसरं आणि कागदावर उतरलं तिसरंच. त्या तिसऱ्यावर अंगठा पडला आणि दावा गेला.

असं का होतं ते समजून घेतलं पाहिजे.

आपल्यात वडीलधारा किंवा पाहुणा बोलत असला की मधे तोंड घालत नाहीत. पटलं नाही तरी मान खाली घालून ऐकून घेतात. गावकी बसली की सगळ्यांचं बोलून होऊ देतात, मग सावकाश आपलं म्हणणं मांडतात. कचेरीत कुणी इतकं थांबत नाही. जो लगेच बोलला नाही त्याच्या नावापुढे 'काही म्हणणे नाही' असं लिहून मोकळे होतात. आपण 'हां, हां' म्हणतो ते ऐकतोय म्हणून. तिकडे लिहितात 'कबूल'.

उलटंही होतं. साहेब म्हणतात, 'बघू.' कचेरीत 'बघू' म्हणजे आता जा. आपल्याकडे चारचौघांत दिलेला शब्द म्हणजे शब्द. आपला माणूस घरी येऊन सांगतो, साहेब बघणार आहेत, आणि वाट बघत बसतो. दावा नामंजूर झाल्याचं कळवल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागायची असते. ते दिवस वाट बघण्यातच सरतात.

सालाचंही तसंच. 'ही जमीन कधीपासून कसतात?' असं विचारलं की शेजारची म्हातारी सांगते, 'माझा थोरला रांगत होता तेव्हापासून.' कागदावर येतं, 'साल सांगता येत नाही.' आपल्याकडे साल आकड्याने नाही, घडलेल्या गोष्टीने ध्यानात राहतं. म्हणून ते खोटं ठरत नाही. मोठा दुष्काळ पडला ते साल १९७२. डहाणू-तलासरीकडे वेठीविरुद्ध वारली उठले ते साल १९४५. थोरला दुष्काळाच्या आधी झाला का मागून, एवढं विचारलं तरी साल हाती लागतं. कायद्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा पाहिजे. दुष्काळाच्या साली इथं नागली पेरली होती, एवढं सांगणं त्याला पुरून उरतं.

मापाची गोष्ट घ्या. ते विचारतात, किती एकर? आपण सांगतो, चार पायलीचं रान, म्हणजे जेवढं बी लागतं तेवढं. वरकस जमीन काही वर्षं कसून विसाव्याला सोडतात. साहेबांना तिथं झुडपं दिसतात, ते लिहितात 'पडीक'. त्यांच्या हिशोबात सोडलेलं रान म्हणजे टाकलेलं रान. आपल्या हिशोबात ते दम खाणारं रान. वाघोबाचं ठाणं त्यांना नुसता दगड दिसतो.

सगळेच साहेब वाईट मनाचे असतात असं आम्ही म्हणत नाही. ते ज्या जगातून येतात तिथं कागदावर असेल ते खरं. आपल्या जगात गावकीसमोर बोललेलं खरं. पण या घोटाळ्यात नुकसान एकाच बाजूचं होतं. साहेबांची बदली होते, आपली जमीन जाते. म्हणून 'तुम्हाला नीट बोलता येत नाही' हा ठपका आम्हाला मान्य नाही. ऐकून घेणं हे ऐकणाऱ्याचंही काम आहे.

२००६ च्या कायद्याच्या नियमांत आपल्या बोलण्याला जागा आहे. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्याचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा आहे. घर, बांध, विहीर, पुरण्याची जागा, देवाची जागा हेही पुरावे आहेत. असे किमान दोन पुरावे लागतात. २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे उपग्रहाचा फोटो हा बाकी पुराव्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. आणि जागेवर जाऊन पडताळणी करणारी आपली वनहक्क समिती. वनखात्याच्या आणि महसूलच्या माणसांनी तिथं हजर राहून सही करायची. म्हणजे लेखणी समितीच्या हातात आहे. ती हातातून सोडू नका.

तेव्हा प्रत्येक पाड्यावर एवढं करा:

१. वडीलधाऱ्यांचा जबाब आधी आपल्या बोलीत, त्यांच्याच शब्दांत ऐका. साल आणि माप मग बसवा.

२. लिहिलेलं मोठ्याने वाचून घ्या. वारली, कोकणा, कातकरी, ज्याची जी बोली तीत समजावून सांगितल्याशिवाय अंगठा देऊ नका.

३. पटलं नाही तर गप्प बसू नका. 'आम्हाला हे मान्य नाही' असं तोंडाने म्हणा आणि तसं लिहायला लावा.

४. कुणी 'बघू' म्हणालं तर विचारा, कोणत्या तारखेला? अर्ज दिला की पोच घ्या. नामंजुरीची कारणं लेखी मागा.

५. विसाव्याचं रान दाखवताना जुने बांध, राबाची जागा, लावलेली झाडं दाखवा.

आणखी एक. ग्रामसभेत कातकरी भाऊबहिणी कडेला बसतात आणि बोलत नाहीत. बायाही मागे बसतात. त्यांच्या गप्प राहण्याचाही अर्थ 'कबूल' असा नाही. साहेबांनी आपल्याला थांबून विचारावं असं आपण म्हणतो, तर ग्रामसभेनेही त्यांना पुढे बोलवून, थांबून विचारलं पाहिजे. त्यांचे दावे मागे राहिले तर लढा अर्धाच राहील.

येत्या ग्रामसभेत हे पान वाचून दाखवा.

जिंदाबाद!