आजीची अंगाई

मैत्रिणींनो, १९७५ साली सायगॉनचा पाडाव झाला आणि पुढच्या काही वर्षांत लाखो व्हिएतनामी माणसं देश सोडून गेली. पुष्कळ जणींनी कॅलिफोर्नियात नव्यानं संसार मांडला. मुलं तिथल्या शाळेत जाऊ लागली, घरातही इंग्रजी बोलू लागली. आजी काय म्हणते, हेच नातवंडांना कळेना! अशा वेळी कामी आली ती गाणी.

त्याचं असं आहे, व्हिएतनामी भाषेत सूर बदलला की अर्थच बदलतो. ‘मा’ सपाट सुरात म्हटलं तर भूत, सूर चढवून म्हटलं तर आई! हा फरक पुस्तक वाचून कानात बसत नाही. अंगाई ऐकता ऐकता बसतो, कारण तिची चाल शब्दांचे चढउतार धरूनच चालते. म्हणून कुठे आजी पाळण्याशी गुणगुणते, कुठे लेक सोळा तारांचं ‘दान त्रान्ह’ छेडायला शिकते. १९८३ पासून तर ‘पॅरिस बाय नाइट’च्या गाण्यांच्या व्हिडिओ कॅसेटी घरोघरी लागू लागल्या.

तुमची नातवंडं परदेशी आहेत ना? मग फोनवर नुसतं ‘जेवलास का?’ विचारून थांबू नका. एक अंगाईही म्हणा. अर्थ मागाहून कळेल; कान मात्र लहानपणीच तयार होतो, बरं का!