किल्ल्याला गुण देताना

2025 च्या दिवाळीत अणशीहून बेळगावला ताईकडे गेलो, तर गल्लीतल्या मुलांनी मला किल्ल्यांच्या स्पर्धेला परीक्षकच केलं. रंगवलेले बुरूज, विकतचे मावळे आणि कारंजं असलेल्या किल्ल्याला मी पहिला नंबर दिला. कोपऱ्यातल्या ओबडधोबड राजगडापाशी नीट थांबलोही नाही.

निघताना तो करणारा मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत."

मग वाकून पाहिलं. पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तिन्ही माच्या जागच्या जागी, मधोमध उंच बालेकिल्ला. संजीवनीची दुहेरी तटबंदीसुद्धा त्यानं मातीत उभी केली होती! शेजारी उभी त्याची अज्जी हळूच म्हणाली, "अवने माडिद्दु." त्यानंच केलंय.

त्याच वर्षी जुलैत राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला होता. माझ्या यादीत मात्र त्याला जागा नव्हती. निकाल जाहीर झालेला, बक्षीस वाटलेलं. मी त्याची माफी मागितली, एवढंच.

वाचकहो, उद्या तुम्हाला कुणी परीक्षक केलं, तर आधी किल्ल्याशेजारी उकिडवे बसा. मुलाला विचारा, दरवाजा कुठे, पाणी कुठे, तट असा का? गुण त्यानंतर द्या.