बेकारभत्त्याचा पासपोर्ट

आपल्या हॉस्टेलवर जर्मनीचा विषय निघाला की चर्चा दोनच गोष्टींची: युनिव्हर्सिटी कुठली आणि ब्लॉक्ड अकाउंटला पैसे किती. पुढे नोकरी लागणारच, हे सगळे धरून चालतात. लागलेली नोकरी गेली तर काय, असं विचारलं की लोक असे बघतात, जणू साखरपुड्यात कुणी घटस्फोटाचा विषय काढला! पण मित्रांनो, विषय काढायलाच हवा. कारण तिथल्या पगारातून बेरोजगारी विम्याचा हप्ता पहिल्या महिन्यापासून कापला जातो. जर्मनीत तो पगाराच्या २.६ टक्के आहे; निम्मा कंपनी भरते, निम्मा आपण.

आता समजा, आपला एक सिनियर वर्षभर नेदरलँड्समध्ये नोकरी करून जर्मनीत गेला आणि पाचव्या महिन्यानंतर कंपनीने त्याला घरी बसवलं. जर्मनीत भत्ता हवा तर मागच्या ३० महिन्यांत १२ महिने विमा भरलेला लागतो. याचे तिथले पाचच. मग गेला का बिचारा कामातून? नाही! युरोपियन युनियनचा ८८३/२००४ हा नियम (२०१० पासून लागू) सांगतो की दुसऱ्या सदस्य देशात भरलेले महिनेही धरायचे. नेदरलँड्सकडून यू१ नावाचा फॉर्म आणायचा. बारा अधिक पाच, सतरा. झालं काम. २०११ पासून हे आपल्यासारख्या बाहेरच्या देशांच्या, पण तिथे कायदेशीर राहणाऱ्या लोकांनाही लागू आहे, डेन्मार्क सोडून. मला ही कल्पना मनापासून आवडते. आपल्याकडे एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाताना ट्रान्सफर सर्टिफिकेटसाठी किती खेटे घालावे लागतात, हे ज्याने घातले त्यालाच ठाऊक.

मेख पुढे आहे. शेवटची नोकरी ज्या देशात, भत्ता त्या देशाचा. समजा सिनियरची नोकरी नेदरलँड्समध्येच गेली आणि तो तसाच जर्मनीत येऊन भत्ता मागू लागला, तर जर्मनी हात वर करणार. तिथे त्याने एक दिवसही काम केलेलं नाही. त्याने नेदरलँड्समध्येच नाव नोंदवायचं, साधारणपणे चार आठवडे थांबायचं, यू२ फॉर्म घ्यायचा आणि निघाल्यापासून सात दिवसांत जर्मनीच्या रोजगार कार्यालयात हजर व्हायचं. मग डच भत्ता तीन महिने चालू राहतो. सहापर्यंत वाढू शकतो, पण ते डच ऑफिसच्या मर्जीवर. नवा देश, नवी भाषा, आणि मुदत तीन महिने! आपल्याला इथे सबमिशनची तारीख सुद्धा वाढवून लागते. २०१६ साली युरोपियन कमिशनने ही मुदत किमान सहा महिने करण्याचा प्रस्ताव मांडला होता, आणि माझ्या मते तो अगदी रास्त होता.

तरी युरोपियन माणसाला निदान हा रस्ता मोकळा आहे. आपल्याला यू२ तेव्हाच कामाचा, जेव्हा नव्या देशात नोकरी शोधायला नाव नोंदवण्याचा आणि काम करण्याचा हक्क असेल. नुसतं डच परमिट खिशात असलेल्याला तो जर्मनीत कुठून असणार? म्हणजे विम्याचे महिने सीमा ओलांडतात, माणूस मात्र अडतो.

जर्मनीत नोकरी गेलेल्याची गोष्ट तर आणखी विचित्र. सतरा महिन्यांच्या विम्यावर त्याला सहा महिन्यांहून जास्त भत्ता मिळू शकतो. पण ब्लू कार्ड मिळून दोन वर्षं झाली नसतील, तर बेकारी तीन महिन्यांपेक्षा लांबल्यावर ते काढून घेण्याची मुभा २०२१ च्या ब्लू कार्ड निर्देशात आहे. दोन वर्षं झाली असतील तर सहा महिने. यावर कुणी म्हणेल, पाहुण्याने अटी घालू नयेत. पण हप्ता घेताना त्याला कुणी पाहुणा समजलं नाही. टक्के सगळ्यांना सारखेच कापले. मग भत्त्याचा हक्क जितके महिने, तितके महिने तरी राहू द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.