मुका 'बी' आणि आमचीं मुलें

सन २००० पासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवितात. चांगलेंच झालें, ती विद्या कांहीं थोड्या घरांची मिरास राहूं नये. पण पुष्कळ ठिकाणीं मूल अजून 'सी-ए-टी कॅट' असें घोकतें. हीं तर अक्षरांचीं नांवें. तीं जोडून 'कॅट' कसें व्हावें? क्, ॲ, ट् हे ध्वनि आधीं शिकवा, म्हणजे मूल शब्द स्वतः जुळवील. इंग्लंडांत २००६ सालच्या रोझ अहवालानें हीच रीत सुचविली.

कोणी म्हणेल, इंग्रजींत लिहिणें एक व बोलणें एक, तेथें ध्वनींचा काय उपयोग? अक्षरें २६ आणि ध्वनि सुमारें ४४, हें खरें. पण कांहीं घोळ विद्वानांनींच घातला आहे. 'डेट' म्हणजे कर्ज (हा जिन्नस आमच्या वाचकांस सांगावयास नकोच!). फ्रेंचांतून हा शब्द आला तेव्हां त्यांत 'बी' नव्हता. लॅटिन कूळ दिसावें म्हणून पंडितांनीं तो मागाहून घुसडला. 'आयलंड'मधला 'एस' तर चुकीच्याच कुळावरून चिकटला. थोर कुळाचा हा सोस आम्हांस चांगला ओळखीचा आहे! आणि तो मुका 'बी' चुकला म्हणून कुंभाराचें पोर मठ्ठ ठरावें काय?

असे वांकडे शब्द निराळे पाठ करवावे; बाकीचे ध्वनीनें वाचवावे. शिकवणीला पैसा नसलेल्या घरच्या मुलास ही किल्ली वर्गांतच मिळाली पाहिजे. बांधवांनो, शाळेंत जाल तेव्हां गुरुजींस एवढेंच विचारा: पूर्वीं न पाहिलेला सोपा शब्द आमच्या मुलास वाचतां येतो काय?