ढगाचा हिशेब चुकला, तर भुर्दंड कोणाला?



'संगणकाने सांगितले' असे म्हटले की वाद मिटला, असे साहेबांना वाटते. सरकी आणि ज्वारीचे बी आमच्या पैशाने मातीत जाते. तेव्हा संगणक ढग कसा मोजतो, हे विचारायचा हक्क आमचा आहे.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले नवे मॉडेल सुरू केले. आभाळाचे चौकोन १२ किलोमीटरचे होते, ते ६ किलोमीटरचे झाले. सुधारणा झाली, हे आम्ही मानतो. पण असा एक चौकोन म्हणजे सुमारे ९ हजार एकर! बांधाच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे धूळ, हे आम्ही दर साल पाहतो.

उंच ढगात शून्याखाली २० अंशांनाही काही थेंब पाणीच राहतात. शेजारी बर्फाचे कण असतात. बर्फ थेंबांची वाफ ओढून वाढतो, जड होतो, खाली येताना वितळतो आणि पाऊस होतो. प्रत्यक्षात थेंब एका कोपऱ्यात आणि बर्फ दुसऱ्या कोपऱ्यात असू शकतो. संगणक मात्र चौकोनाची सरासरी धरून दोन्ही कालवतो. मग हिशेबातला बर्फ हिशेबातले पाणी भराभर खातो. अनेक मॉडेलांतला हा दोष शास्त्रज्ञांनीच दाखवला आहे. शिवाय बर्फावर थेंब गोठताना ठिकऱ्या उडतात आणि एका कणाचे अनेक होतात, हे हॅलेट आणि मॉसप यांनी १९७४ सालीच दाखवले. त्या ठिकऱ्या किती, हे संगणकाला अजून ठोकताळ्यानेच सांगावे लागते.

आम्ही विज्ञानाचे वैरी नाही. शास्त्रज्ञ आपल्या हिशेबातली खोट स्वतः लिहून ठेवतो. पण ती शंका दिल्ली-मुंबईहून तालुक्याला येईपर्यंत गळून पडते आणि गावात पोचतो तो नुसता हुकूम: पेरा! पाऊस दडी मारतो, तेव्हा हुकूम देणारा सापडत नाही. दुबार पेरणीचे बियाणे संगणक देत नाही.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. 'पाऊस येणार' एवढेच नको, शंभरात किती शक्यता ते सांगा. गावोगाव पर्जन्यमापक बसवा. हंगाम सरला की अंदाज किती होता आणि पडला किती, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

बँक आमच्याकडे पैन् पैचा हिशेब मागते. आता आभाळाचा हिशेब आम्ही मागतो!